परातीची मोटार

तामलवाडीच्या महांतप्पाचं वाऱ्याशी वैर पडलं ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या साली. त्याआधी वारा आणि तो दोघंही आपापल्या वाटेनं सुखानं चालले होते. लढाई आली, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं, आणि महांतप्पाला पहिल्यांदा कळलं की आपली मोटार पेट्रोल पीत नाही, ढोसते.

मोटार तशी म्हातारीच होती. नळदुर्गाकडच्या एका जहागीरदारानं ती हौसेनं आणली, हौस फिटेपर्यंत उडवली आणि मग टपाचं कापड उंदरांच्या हवाली करून तबेल्यात उभी केली. महांतप्पानं तिला तिथं पाहिलं आणि त्याचा जीव जडला. तोवर त्यानं अर्धं आयुष्य थोरल्या भावाच्या, गुरुलिंगाच्या, किराणा दुकानात तागडीपुढं मांडी घालून काढलं होतं. तागडीपुढं बसलं की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या आणि मोटारीत बसलं की त्या मुंग्या पळून जायच्या. एवढ्या एका कारणासाठी माणसानं मोटार घ्यावी का, असं कुणी विचारील. महांतप्पाला कुणी विचारलं नाही. त्यानं मोटार दाराशी आणून उभी केली आणि तामलवाडी ते तुळजापूर उतारू न्यायला लागला.

गुरुलिंग मात्र तोलून बोलणारा माणूस. त्यानं मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, चाकाला पायाच्या अंगठ्यानं टोचून पाहिलं आणि निकाल दिला.

"महांता, ही मोटार सोताच्या पोटापुरतं सोता कमवंल, तवर तुझी. ज्या दिशी पेट्रोलपायी तटून उभी ऱ्हाईल, त्या दिशी ती बाजारात आन् तू तागडीपुढं. कबूल?"

"कबूल, अण्णा," महांतप्पा म्हणाला. तेव्हा पेट्रोल मागाल तेवढं मिळत होतं.

आता चिठ्ठीवरचं पेट्रोल महिना सरायच्या आधीच सरायला लागलं. मोटार दाराशी उभी, तिच्या सावलीत कोंबड्या, आणि दुकानातून गुरुलिंग चष्म्यावरून बघतोय. त्या बघण्यानं महांतप्पाची झोप उडाली. मोटार गेली तर आपलं काय उरलं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तागडी, गूळ आणि गुळावरच्या माश्या.

अशात एके दिवशी दुकानात हळदीची पुडी बांधताना सोलापुरच्या रद्दीतलं एक चित्र त्याच्या हाती लागलं. कुठल्या तरी साहेबाची शर्यतीची मोटार होती. बाकी सगळं आपल्या मोटारीसारखंच, पण चाकांना आरे दिसत नव्हते. चाकं कशी भाकरीसारखी सपाट, झाकलेली. महांतप्पानं हळद जमिनीवर ओतली आणि कागद घेऊन बाहेर पळाला. मागं गिऱ्हाईक हळदीकडं बघत राहिलं.

त्यानं मोटारीचं एक चाक दगडावर उचलून घेतलं, हातानं गरगरा फिरवलं आणि आऱ्यांजवळ तोंड नेलं. गालाला वारा लागला. महांतप्पा तिथंच, धुळीत, कितीतरी वेळ बसून राहिला. एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्याला सुचू नये!

"अण्णा, पंख्यानं वारा घालताना हात दुखतो का न्हाय?" त्यानं दुकानात येऊन विचारलं.

"तू आधी हळद गोळा कर."

"हात दुखतो. का? तर वारा ढकलाया ताकद लागती. आपल्या मोटारीची चार चाकं म्हंजी चार पंखे हाईत. दिसभर वाऱ्याला वारा घालत्यात! पेट्रोल मोटार खात न्हाय, अण्णा. वारा खातो. चाकं झाका, वाऱ्याची उपासमार करा."

"वाऱ्याला तोंड असतं व्हय रे?" गुरुलिंग म्हणाला आणि पुडी बांधायला लागला. पण महांतप्पाचं ठरलं होतं.

आता झाकायचं कशानं? गोल हवं, टणक हवं, हलकं हवं आणि चाकाएवढं हवं. महांतप्पानं शिवार धुंडाळलं, लोहारसाळ धुंडाळली, आणि शेवटी जेवायला बसला तेव्हा समोरच्या मांडणीवर त्याला ते दिसलं. चार पितळी पराती, एकीला एक लागून, उभ्या.

या पराती म्हणजे त्याच्या बायकोचा, शिवम्माचा, जीव की प्राण. तिचे वडील माणिकप्पा अणदूरचे. लेकीच्या लग्नात त्यांनी सोलापुरच्या तांबटाकडं स्वतः बसून त्या ठोकून घेतल्या होत्या. पंगतीची कणीक एका वेळी मळून होईल एवढ्या मोठ्या. प्रत्येकीच्या काठावर ठशानं अक्षरं कोरलेली, 'माणिकप्पा अणदूरकर यांजकडून चि. शिवम्मा हिस'. लग्नानंतर वर्षभरात माणिकप्पा गेले. तेव्हापासून घरातलं एकही मंगलकार्य त्या परातींशिवाय झालं नव्हतं, आणि राख-चिंचेनं त्या घासताना शिवम्मा काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायची. हे महांतप्पानं अनेकदा पाहिलं होतं. त्यामुळं मागायची हिंमत व्हायला त्याला आठवडा लागला. त्या आठवड्यात तो इतका शहाण्यासारखा वागला की शिवम्माला संशय आला.

"काय सांडलंय? काय फुटलंय?" तिनं एकदाचं विचारलं.

त्यानं सांगितलं. शिवम्मा रागावली की कानडीत जायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "ब्याड!" ती म्हणाली, म्हणजे नको. "ब्याड म्हंजी ब्याड! माझ्या आप्पाच्या पराती रस्त्याच्या शेनात?"

त्या रात्री महांतप्पा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो न सांगता दुकानात जाऊन तागडीपुढं बसला आणि गुळाच्या माश्या वारायला लागला. शिवम्मानं खिडकीतून ते पाहिलं. नवरा मोटारीत बसला की कसा दिसतो हेही तिनं पाहिलेलं होतं. बाईचं मन ते, विरघळलं. पण विरघळलं तरी सांडलं नाही.

"तीन गोष्टी," ती म्हणाली. "एक भोक पडता कामा न्हाय. दिवेलागनीला चारी पराती माझ्या मांडनीवर पायजेत. आन् घासायच्या तुमी."

लोहारानं चामड्याच्या वाद्या आणि आकडे करून दिले. आकडा परातीच्या काठाला अडकायचा, वादी आतून आऱ्याला आवळायची. भोक नाही, खिळा नाही. बूड बाहेर, पोट आत. सकाळी चढवायच्या, संध्याकाळी काढायच्या. पहिल्या दिवशी मोटार निघाली तेव्हा उन्हात चार सूर्य गरगरत चालल्यासारखं झालं. समोरून आलेली बैलं गाडीसकट वावरात घुसली. तुळजापुरच्या मोटार अड्ड्यावर बायका परातीत बघून कुंकू नीट करायला लागल्या. लोकांनी नाव ठेवलं, परातीची मोटार.

पेट्रोल मात्र वाचलं नाही. पहिले काही दिवस होतं तेवढंच लागत होतं, आणि महांतप्पा घोकत होता की वाऱ्याला अजून पत्ता लागायचाय.

मग ती गोष्ट घडली. घाटाच्या पायथ्याशी मोटार जोरात असताना चाक खड्ड्यात आदळलं, आकडा निसटला आणि एक परात चाकावरून सुटून स्वतःच्याच पायांनी पुढं निघाली. मोटारीच्या पुढं! उतारूंत लिंबाजी नावाचा तंबाखूचा शौकीन शेतकरी होता. तो ओरडला, "महांतप्पा, तुमची परात तुळजापूरला आपल्या आदी पोचती बगा!" परात रस्ता सोडून वळली, बांधावर चढली आणि दगडावर आपटून आडवी झाली.

काठाला पोचा आला होता. नेमका 'माणिकप्पा'च्या 'मा'वर.

शिवम्मानं पोचा पाहिला. ती कानडीतही बोलली नाही आणि मराठीतही. तिनं तिथं बोट फिरवलं, परात मांडणीवर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. महांतप्पाला वाटलं, तिनं भांडावं, ताट फेकावं, माहेरी जाते म्हणावं. तिच्या त्या उभ्या पाठीनं त्याच्या काळजात जे झालं, ते गुरुलिंगाच्या बघण्यानं कधी झालं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. सकाळी तिनंच पराती बाहेर आणून चाकांपाशी ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "आता तुमीच बगा."

त्या दिवसापासून महांतप्पा मोटार चालवायचा ते काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी. खड्डा लांबून दिसला की पाय उचलायचा. समोर बैलगाडी दिसली की ब्रेक लावायची वेळच येऊ द्यायचा नाही, मोटार आपोआप हळू होत जाईल एवढ्या आधीच सोडून द्यायचा. ब्रेक दाबला की आकडे खणखणायचे, आणि आकडे खणखणले की त्याला ती पाठ दिसायची. उतारावर इंजन बंद. लिंबाजी तर चालत्या मोटारीतून खाली उतरायचा, रस्त्याकडेला जाऊन यायचा, तंबाखू मळायचा आणि पुढं चालत जाऊन पुन्हा मोटारीत बसायचा.

आणि पेट्रोल वाचायला लागलं! चांगलं डब्याडब्यानं वाचायला लागलं. महिना सरला तरी टाकीत पेट्रोल. कोंबड्यांची सावली गेली.

"आकडं आता घट आवळल्यात," महांतप्पा अड्ड्यावर लोकांना समजावून सांगायचा. "आदी फटीतनं वारा आत शिरत हुता. आता पार कोंडला." तो बोलायला लागला की थांबायचा नाही. वाऱ्याची चाल, वाऱ्याची भूक, वाऱ्याची लबाडी. निजामाच्या राज्यात वाऱ्याबद्दल त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. घरी येऊन तो दाराशी बसून पराती घासायचा आणि घासतानाही बोलायचा. रस्त्यानं जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

गुरुलिंगाचा मात्र विश्वास बसेना. पेट्रोल वाचतंय हे त्याला दिसत होतं. का वाचतंय, हे दिसत नव्हतं. आणि न दिसणाऱ्या मालाचा व्यवहार त्यानं उभ्या आयुष्यात केला नव्हता.

"तुळजापूर जवळ पडतं. तिथं काय बी खपतं," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यादेखत एक डबा टाकीत वत. धाराशिवला जायचं आन् त्याच पेट्रोलवर परत ह्या दुकानाच्या पायरीला लागायचं. म्या संगं बसतो. आलास तर पुन्ना मोटारीबद्दल ब्र काढायचा न्हाय. न्हाय आलास, तर आपलं ठरल्यालं हायच."

"कवा जायाचं?"

"गौराच्या डोहाळजेवनाला जायाचंच हाय की. त्याच दिशी."

गौराबाई ही महांतप्पाची लेक, धाराशिवला दिलेली. महांतप्पा छाती फुगवून घरात गेला आणि तिथं त्याची छाती खाली बसली. कारण शिवम्मा म्हणाली, "त्या दिशी पराती न्हाईत मिळनार. लेकीचं पयलं डोहाळजेवन हाय. शेंगापोळ्या माझ्या आप्पाच्या परातीतनंच जातील. चाकावरनं न्हाय, मांडीवरनं."

यात चूक काहीच नव्हती. महांतप्पानं क्षणभर कपाळाला हात लावला, आणि मग त्याला वाटलं, बरंच झालं. परात ती परात. एवढ्या मोठ्या दिवशी खरीखुरी झाकणं हवीत! तो सोलापुरला गेला आणि पत्र्याच्या कारागिराकडून चार झाकणं करून आणली. चांगली जाड, निळी रंगवलेली, मधे पांढरं कमळ, बसवायला पक्के चाप.

परत येताना निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर जमादारानं ती खाली उतरवून घेतली. एक उचललं, उलटं केलं, वाजवलं.

"ये क्या है, सावकार? ढालां?"

"न्हाय जी, मोटारीची झाकनं. वारा अडवाया."

"वारा इदर नाक्यावरसे जाता क्या?"

"सगळीकडनं जातो."

जमादारानं विचार केला. वाऱ्यावर काही जकात लिहिलेली नव्हती. "जाओ," तो म्हणाला. "रुक्या तो हमकू बी बताना. इदर धूल बहुत आती."

ठरल्या दिवशी सकाळी निम्मं गाव जमलं. गुरुलिंगानं आपल्या हातानं डबा ओतला, बांबूची काठी टाकीत बुडवून ओल कुठवर चढते ते पाहिलं आणि पुढं महांतप्पाशेजारी बसला. मागं शिवम्मा, तिच्या मांडीवर आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या पराती, आणि फुकट बसायला मिळतंय म्हणून लिंबाजी.

आता एक रीत सांगायला हवी. शिवम्मा थोरल्या दिराशी थेट बोलत नसे, आणि तोही तिच्याशी बोलत नसे. दोघंही महांतप्पाला सांगायचे. मोटारीत दोघांमधे हातभर अंतर असलं तरी रीत ती रीत.

"महांता, घरात सांग, पदर चाकात जाईल."

"भावजींना म्हनावं, पदराची काळजी हाय मला."

निरोप पोचवायची गरज नसायची, पण महांतप्पा मान हलवायचा.

मोटार सुटली, आणि काय सुटली! नवी झाकणं, मागं गाव, शेजारी भाऊ. महांतप्पाच्या अंगात वारंच शिरलं. त्यानं भोंगा वाजवला, टांगा मागं टाकला, बैलगाड्या मागं टाकल्या. खड्डा आला तर आला, पत्र्याचं झाकण ते, चापानं धरलंय. घाटात वळणावर करकचून ब्रेक, वळण संपलं की पुन्हा जोर. तुळजापुरच्या अड्ड्यावर तर त्यानं उगीचच एक चक्कर मारली, लोकांना कमळं दिसावीत म्हणून. लिंबाजीला पहिल्यांदाच खाली उतरायला मिळालं नाही. त्याची तंबाखू मळायची राहिली ती राहिलीच.

"दिसतंय का अण्णा, कसं पळतंय?" महांतप्पा ओरडला.

गुरुलिंगानं टोपी दोन्ही हातांनी धरली होती. मागून आवाज आला, "भावजींना म्हनावं, पोळ्यांचा चुरा झाला."

धाराशिवला व्याह्यांच्या दाराशी मोटार थांबली. गुरुलिंग उतरला, काठी काढली, टाकीत बुडवली, वर काढली. ओल सकाळच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला होती. अजून सगळा परतीचा रस्ता बाकी होता. गुरुलिंगानं काठी महांतप्पाला दाखवली, पुसली आणि शांतपणे म्हणाला, "उद्या दुकान जरा लौकर उगडू."

महांतप्पाच्या पायांना तिथंच, भर रस्त्यात, मुंग्या आल्या.

डोहाळजेवण थाटात झालं. चुरा झाला म्हणून पोळीची चव जात नाही, सगळ्यांनी बोटं चाटली. महांतप्पानं मात्र ताटातली पोळी नुसती चिवडली. लेकीनं विचारलं, "दादा, बरं न्हाय का?" तो म्हणाला, "वारं लागलं जरा." आणि बाहेर जाऊन मोटारीच्या पायरीवर बसला. इतके दिवस वाऱ्याचं सांगत होतो, नवी झाकणं वीतभरही फट ठेवत नाहीत, मग पेट्रोल गेलं कुठं? त्याला काही उमगेना. रडू येईल असं वाटलं, आणि मोटारवाल्यानं व्याह्यांच्या दारात रडू नये म्हणून तो भोंगा पुसत बसला.

शिवम्मा बाहेर आली. तिच्या काखेत धुतलेल्या, रिकाम्या पराती होत्या. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग वाकून एका चाकाचे चाप सोडले, निळं झाकण काढून मागच्या सीटवर फेकलं आणि पोचा आलेली परात चाकाला टेकवली.

"बसवा," ती म्हणाली. "आप्पाच्या परातीला इतके दिस यश हाय. आकडं आनलेत म्या पोळ्यांच्या खाली."

"अगं, पन तू..."

"दुसरा पोचा आला तर बगा!"

परतीचा रस्ता. महांतप्पाच्या चाकांवर पुन्हा चार सूर्य होते आणि पाठीमागं, हातभर अंतरावर, त्या सूर्यांची मालकीण. खड्डा लांबून दिसायला लागला. पाय आपोआप हलका झाला. आकडे खणखणू नयेत म्हणून तो श्वाससुद्धा बेतानं घेत होता. टांगा पुढं गेला, बैलगाड्या पुढं गेल्या. एक म्हातारी डोक्यावर सरपण घेऊन बराच वेळ मोटारीच्या बरोबरीनं चालली आणि मग कंटाळून पुढं निघून गेली. तुळजापूर आलं, गेलं. घाटात इंजन बंद. लिंबाजी खाली उतरला, तंबाखू मळली, चार पावलं टाकली आणि पुढं येऊन बसला. गुरुलिंगानं टोपी सोडली होती. तो रस्त्याकडं बघत नव्हता, भावाच्या पायाकडं बघत होता.

दिवेलागणीला मोटार तामलवाडीत शिरली. एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि दुकानाच्या पायरीला लागून बंद पडली. गुरुलिंगानं काठी बुडवली. टोक ओलं होतं की नव्हतं यावर गावात अजून दोन मतं आहेत, पण मोटार पायरीला लागली होती यावर एकच आहे. माणसांनी आरोळी ठोकली. महांतप्पानं बोनेटवर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

"थांब," गुरुलिंग म्हणाला. तो पायरीवर बसला, जणू गिऱ्हाईक आलंय. "पायरीला लागलास. पन माल कसला त्ये कळल्याबिगर म्या सौदा पुरा करत न्हाय. जाताना बी चाकं झाकल्याली, येताना बी झाकल्याली. वारा तोच. जाताना घाटाचा चढ, येताना उतार, त्येचा पासंग म्या धरलाय. पासंग काढला तरी लई फरक उरतो. त्यो कुठनं आला?"

"पितळ..." महांतप्पानं सुरुवात केली, "पितळाला वारा जरा..."

"महांता. खोटं माप मला चालत न्हाय. खरं सांग, न्हायतर उद्या तागडी."

महांतप्पानं परातीकडं पाहिलं. पोच्यावर दुकानातल्या कंदिलाचा उजेड पडला होता. आणि बघता बघता त्याला सगळं कळलं. खड्डा, ब्रेक, उतार, पाय. इतक्या महिन्यांचं त्याचं वाऱ्याचं ज्ञान, अड्ड्यावरची भाषणं, सगळं एका क्षणात भुईसपाट झालं. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर मोटार जाते. दारात शिवम्मा डोईवरचा पदर धरून उभी होती. लिंबाजी तंबाखू थुंकायची विसरला होता.

"भीती," महांतप्पा म्हणाला.

"आं?"

"हिची भीती, अण्णा!" तो एकदम मोठ्यानं बोलला, कारण हळू बोलून हे तोंडातून निघालंच नसतं. "परात चाकावर असली की म्या हिला भिऊन चालवतो. पाय जपून ठेवतो, ब्रेक मारत न्हाय, पळवत न्हाय. तिथं पेट्रोल वाचतं. पत्र्याला कोन भितंय? वारा बिरा काय न्हाय. म्या बायकोला भितो!"

मग लिंबाजीच्या तोंडातून पिचकारी आणि हसू दोन्ही एकदम बाहेर आलं आणि सगळा चौक फुटला. दुकानातली बरणी हलली म्हणतात. महांतप्पा मान खाली घालून उभा होता, आणि त्याला कळेना की डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं का वाटतंय.

गुरुलिंग हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला.

"मोटार ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "वाऱ्यावर माझा इस्वास न्हवता. वारा आज हाय, उद्या न्हाय. पन ही गोष्ट बारमाही हाय."

मग तो दाराकडं न बघता म्हणाला, "महांता, घरात सांग, पोचा काढून घेतो सोलापुरास्नं, दुकानाच्या खर्चानं."

आणि शिवम्मा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दिराशी थेट बोलली. "नगं, भावजी. ऱ्हाऊ द्या. त्येच्यावरच मोटार चालती."

त्या रात्री पराती घासताना महांतप्पा काही बोलला नाही. शिवम्माला ती शांतता सोसेना. ती शेजारी येऊन बसली, एक परात स्वतःकडं ओढली आणि म्हणाली, "वाऱ्याचं बी खरं असंल जरा. उगं साहेब लोक चाकं झाकतील व्हय?"

"असंल ना?" महांतप्पाचा चेहरा उजळला. "थोडं तरी असंल!"

"थोडं असंल. पन ज्येची मोटार जोरात पळती त्येच्यापुरतं."

दुसऱ्या दिवशी तिनंच ठरवलं की चार पराती चाकाला लावायची गरज नाही. तीन मांडणीवर राहिल्या. चौथी, पोचा आलेली, तिनं मोटारीत पुढच्या सीटवर, महांतप्पाच्या शेजारी उभी करून पदराच्या चिंधीनं बांधली. अक्षरं त्याच्याकडं. पेट्रोल तेवढंच वाचलं, थेंबाचाही फरक नाही.

बाजाराच्या दिवशी मोटार गच्च भरली होती. मागं लिंबाजीच्या मांडीवर कुणाची तरी शेळी आली होती आणि पुढची सीट परात अडवून बसली होती.

"महांतप्पा, ती परात उचला की, म्या पुढं बसतो."

महांतप्पानं परातीकडं पाहिलं आणि पाय अगदी हलकेच दाबला.

"सासऱ्याला कसं उटवू, लिंबाजी?" तो म्हणाला. "दिवेलागनीला घरी जायाचंय त्यास्नी."